थेरपी असिस्टंटला एरिक्सन-पियाजे कशाला?

कृष्णाकाठ_०७:
नमस्कार मंडळी, फिजिओ असिस्टंटचा कोर्स करतेय, पहिलं वर्ष. मानवी विकास म्हणून आख्खा एक पेपर आहे, जन्मापासून म्हातारपणापर्यंत सगळं. मानसशास्त्रज्ञ एरिक्सनचे आयुष्याचे ८ टप्पे, पियाजेचे मुलांच्या विचारांच्या वाढीचे ४, बाळ मान कधी धरतं, पालथं कधी पडतं... मला पुढे ऑर्थोमधेच, म्हणजे हाडांच्या विभागात काम करायचंय, गुडघे बदललेले पेशंट वगैरे, मग हे पाठ करून करू काय? आणि माइलस्टोन (बाळ काय कधी करतं ती वयं) प्रत्येक पुस्तकात वेगळे, एकात चालणं १२ महिने एकात १५, परीक्षेत काय लिहायचं?

रांगोबा:
दोन्ही बरोबर आहे गं. डब्ल्यूएचओचा २००६ चा अभ्यास बघ, ५ देशांतली मुलं होती, आपल्या दिल्लीतली पण, त्यात आधाराशिवाय चालायला लागायचं वय ८.२ ते १७.६ महिने एवढं पसरट निघालं. आणि ४ टक्क्यांहून थोडी जास्त मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, थेट उभी राहिली! अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने तर २०२२ ला रांगणं माइलस्टोनच्या यादीतूनच काढलं. म्हणून एकच आकडा लिहू नकोस, रेंज लिही आणि क्रम लिही, आधी मान मग धड मग पाय.

मी लहान मुलांच्या सेंटरला आहे. आमच्याकडे निम्मे आईबाप शेजारणीच्या बाळाशी तुलना करून घाबरून आलेले असतात 😅 तिथे सगळ्यात कामाला येतं ते करेक्टेड वय. ३२ आठवड्यांत जन्मलेलं बाळ म्हणजे साधारण २ महिने लवकर, ते आज ८ महिन्यांचं असलं तर त्याच्याकडून ६ महिन्यांचीच अपेक्षा ठेवायची, आणि हे २ वर्षांपर्यंत असंच मोजतात. पण मोरो रिफ्लेक्स (दचकून हात पसरायची आपोआप होणारी हालचाल) ६ महिन्यांनंतरही जात नसेल किंवा बाळ एकच हात वापरत असेल तर थांबायचं नाही, लगेच थेरपिस्टना सांगायचं. निदान आपण करायचं नाही, पण दिसतं आधी आपल्याला.

ओटीवाला_काका:
ऑर्थोमधे काय उपयोग विचारतेस ना, ऐक. ४ वर्षांच्या पोराचं हाड जुळलंय, त्याला "१० वेळा हात वर कर" म्हणालीस तर तो तिसऱ्यांदा पळून जाणार, त्याला फुगा वर मारायला लाव, तेवढेच १० होतात. हाच पियाजे, २ ते ७ चं वय खेळातून समजणारं. आता तोच फुगा ४५ वर्षांच्या टेम्पोवाल्याला दे, लकवा मारलेला, घर त्याच्या एकट्यावर चालतंय. तो म्हणणार मला पोर समजता काय, आणि दुसऱ्या दिवशी येणारच नाही. त्याला स्टिअरिंगसारखं काहीतरी हातात हवं. खांदा दोघांचा तोच, हालचाल तीच.

सदाशिव_पेठी:
काका पटलं पण एरिक्सनची वयं फार घट्ट धरू नका बरं का. पुस्तकात ६५ नंतर मागे वळून बघायचा टप्पा, आमच्याकडे सत्तरीच्या आजी नातवंडं सांभाळतात, सून नोकरीला. गुडघा बदलल्यावर त्यांचा पहिला प्रश्न मांडी कधी घालता येईल, देवासमोर बसायचंय, दुसरा भारतीय संडासावर उकिडवं बसता येईल का. उत्तर सर्जनच देणार, आपण परस्पर हो म्हणायचं नाही, पण उपचाराचं ध्येय (गोल) लिहिताना हे विचारलं नाही तर काय अर्थ? आणि हो, म्हाताऱ्यांना समजायला नाही, प्रतिसाद द्यायला वेळ लागतो, एकावेळी एकच सूचना द्या, ओरडू नका. खुर्चीतून उठून ३ मीटर जाऊन परत येऊन बसायची टेस्ट असते ना, १२ सेकंद किंवा जास्त लागले की पडायचा धोका धरतात, ती तुझ्या ऑर्थोत रोज लागेल.

कृष्णाकाठ_०७:
बापरे, थॅंक्यू सगळ्यांना! मधलं वय राहिलं पण, १३-१४ वर्षांची मुलं, त्यांचं काय?

रांगोबा:
ती सगळ्यात अवघड 😂 पाठीचा कणा वाकडा म्हणून ब्रेस (आधाराचा पट्टा) दिला की दप्तरात जातो, कारण शाळेत मैत्रिणी बघतात. आईला सांगून उपयोग नाही, मुलीलाच विचार शाळेचे तास सोडून कधी घालशील, मग थेरपिस्टशी बोलून वेळापत्रक बसवतात. तिने स्वतः ठरवलेले तास ती जास्त पाळते, हे मात्र अनुभवाने सांगते.