व्हॉयेजर १ : चिप न बदलता एफडीएस पुन्हा चालू कसा झाला?

प्रश्न
१४ नोव्हेंबर २०२३ पासून नासाच्या व्हॉयेजर १ या अंतराळयानाकडून फक्त १ आणि ० चा तोच तोच नमुना येत होता. दोष एफडीएस (यानावरची माहिती जुळवून पृथ्वीकडे पाठवण्यासाठी तयार करणारा कॉम्प्युटर) याच्या एका मेमरी चिपमध्ये निघाला. खराब जागी तोच कोड पुन्हा लिहून का भागलं नाही? राखीव एफडीएस का वापरला नाही?

प्रतिसाद १
राखीव होता, पण तो १९८१ मध्येच निकामी झाला.

पुन्हा लिहिण्याबद्दल : अंतराळातल्या कणाच्या माऱ्याने मेमरीतला एखादा बिट (१ किंवा ०) नुसता उलटला असता तर ते चाललं असतं. इथे चिपच गेली, त्यामुळे तिच्यात लिहिलेलं टिकणार नाही. कोड हलवणं भाग होतं. बाद झालेली मेमरी जेमतेम ३ टक्के, तरी तेवढा कोड एकत्र मावेल अशी सलग मोकळी जागा कुठेच नव्हती. म्हणून त्याचे तुकडे करून सापडेल त्या फटीत बसवले. खरी किचकट बाब इथे आहे : तुकडा हलला की मेमरीत जिथे जिथे त्याचा जुना पत्ता आहे तिथे नवा घालावा लागतो. एक जरी सुटला तरी प्रोग्रॅम भलतीकडेच उडी मारतो.

प्रश्नकर्ता
रीसेट करून पाहिलं नव्हतं का? आणि बिघाड नेमका कुठे आहे हे कळलं कसं?

प्रतिसाद २
रीसेट झाला होता, गुण आला नाही. यान आज्ञा मात्र घेत होतं, ही मोठीच जमेची बाजू. १ मार्च २०२४ ला खराब भाग टाळून वेगळ्या क्रमाने चालून बघ, अशी आज्ञा एफडीएसला पाठवली. ३ मार्चला आलेला सिग्नल नेहमीच्या साच्यातला नव्हता. तो उलगडल्यावर त्यात एफडीएसची अख्खी मेमरी निघाली. बिघाडाआधीच्या प्रतीशी ती ताडून पाहिली आणि चिप सापडली.

प्रतिसाद १
सिग्नलला तेव्हा एका बाजूने साडेबावीस तास लागत होते, म्हणजे एका चुकीचा पत्ता लागायला जवळपास दोन दिवस. त्यामुळे सगळा कोड एकदम हलवला नाही. आधी यानाच्या तब्येतीची माहिती पाठवणारा भाग १८ एप्रिलला हलवला, २० एप्रिलला उत्तर आलं. मे महिन्यात मॅग्नेटोमीटर (चुंबकीय क्षेत्र मोजणारं उपकरण) आणि प्लाझ्मा (भारित कणांचा वायू) लहरींचं उपकरण सुरू झालं, जूनमध्ये वैश्विक किरण आणि कमी ऊर्जेचे भारित कण मोजणारी उरलेली दोन.