वाड्याला 'धोकादायक'ची नोटीस, मदत हवी आहे

खिडकी_उघडी: सकाळी दूध घ्यायला दार उघडलं तर दाराला नोटीस. 'सदर मिळकत धोकादायक', सात दिवसांत खाली करा. मालक फक्त पेढे वाटायचा बाकी आहे. चार बिऱ्हाडं, 50 वर्षं राहतोय. मागच्या संडासाचा पाइप फुटून भिंत बोट लावलं तरी भुसभुशीत पडते. त्याची तीनदा तक्रार केली तेव्हा कुणी फिरकलं नाही. खाली करावंच लागतं का? लवकर सांगा.

दादरकर: धोक्याचा वर्ग कुठला लिहिलाय, सी-1 की सी-2? सी-1 असेल तर रिकामी करून पाडतात. मजबुतीचे दोन ऑडिट उलटसुलट आले तर प्रकरण टॅककडे, म्हणजे पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे. उपकरप्राप्त (दुरुस्तीचा उपकर भरणारी जुनी इमारत) असेल तर म्हाडात जा.

निवांत_पेठकर: दादरकर, त्या वाडा म्हणतायत! हे सगळं मुंबईचं, इथे म्हाडा कुठून आली? धागाकर्त्या, गाव कुठलं, नोटिशीवर कलम कुठलं?

खिडकी_उघडी: पुणे, अजून कुठे? महापालिका कायद्याचं कलम 264.

मी_पण_मालक: भाडं किती देता ते सांगा आधी.

खिडकी_उघडी: 80 रुपये. त्याचा इथे काय संबंध?

मी_पण_मालक: 80 रुपयांत कौलं तरी चाळून होतात का?

निवांत_पेठकर: 1999च्या भाडे नियंत्रण कायद्यात कलम 14 आहे. मालकाला 15 दिवसांची नोटीस द्या, नाही ऐकलं तर स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करा.

मी_पण_मालक: वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्श्यापर्यंतच! म्हणजे 240 रुपये. तेवढ्यात प्लंबर जिना तरी चढेल का?

हिरवा_चाफा: भिंतीत पिंपळ आहे का? वरवर कापू नका, आमच्याकडे दुप्पट फुटला.

खिडकी_उघडी: पिंपळ नाहीये हो!!

निवांत_पेठकर: भिंत तशी असेल तर पोरंबाळं आजच हलवा, पावसाची वाट बघू नका. पण घर सोडलं म्हणजे हक्क सोडला असं नाही. इमारत पाडली तरी भाडेकरूपण संपत नाही, असं सुप्रीम कोर्टाने 2014मध्ये सांगितलंय, सांगली-मिरजकडचीच केस होती. पाडण्याआधी भाडेकरूंची यादी आणि प्रत्येकाचं क्षेत्रफळ पालिकेकडून लेखी घ्या. मालकाच्या कोऱ्या कागदावर सही अजिबात नको. भाडेपावत्या आहेत ना?

खिडकी_उघडी: 2009पर्यंतच्या. पुढे त्याने भाडं घेणंच बंद केलं. आम्ही मनीऑर्डर करतो, ती परत येते.

निवांत_पेठकर: हे आधी सांगायचं ना! ते परत आलेले कागद सगळे घेऊन वकिलाकडे जा.

दादरकर: पुण्यात टॅक नसते का?