हृदयाच्या ऑपरेशननंतर बाळाचं दुखणं: औषध घड्याळ बघून, की रडल्यावर?

अबोली:
माझी लेक सात महिन्यांची असताना तिचं व्हीएसडीचं ऑपरेशन झालं, म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याचं भोक बुजवलं. दुसऱ्या दिवशी मला आयसीयूत सोडलं. घशात नळी, छातीच्या मधोमध पट्टी, खाली ड्रेन (छातीत साचलेलं रक्त-पाणी बाहेर काढणारी नळी). बघता बघता तिचं कपाळ आक्रसलं, तोंड उघडलं, हनुवटी थरथरली, डोळ्यांच्या कडेने पाणी ओघळलं. आवाज मात्र नाही. श्वासाची नळी स्वरयंत्रातून गेलेली असते, त्यामुळे रडण्याला आवाजच फुटत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तिथल्या स्टाफला विचारलं तर म्हणाले, "शांत आहे ती. रडली तर देऊ."

या "रडली तर देऊ"लाच माझा विरोध आहे. छातीचं हाड मधोमध कापून पुन्हा जोडलंय, दुखणार हे सगळ्यांना माहीत आहे. मग निदान पहिले दोन-तीन दिवस औषध ठरल्या वेळेला का नाही? खात्री पटावी म्हणून लेकराने आधी कळवळायचं का? पटत नसेल तर तसंही लिहा.

साधा_माणूस:
ताई, तुमची तळमळ कळते, पण मी नेमका दुसऱ्या टोकाचा अनुभव घेतलाय. आमचा मुलगा तीन आठवडे आयसीयूत होता. मॉर्फिन (दुखणं कमी करणारं) आणि मिडाझोलम (गुंगी आणणारं) यांची ड्रिप सतत चालू. थोडा हलला की आम्हीच सिस्टरांच्या मागे लागायचो, "दुखतंय त्याला, वाढवा." मग औषधं उतरवायची वेळ आली. पोरगं घामाने भिजायचं, हात थरथरायचे, जुलाब, उलट्या, रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही. आम्हाला वाटलं अजून दुखतंय. ते औषध तुटल्याचं होतं. अशी ड्रिप बरेच दिवस चालली की शरीराला सवय लागते. शिवाय मॉर्फिनने श्वास मंदावतो, आतडी सुस्तावतात, व्हेंटिलेटर काढणं लांबतं. आणि एक विचारतो, इतक्या लहानपणचं कुणाला आठवतं? तो आज सहा वर्षांचा आहे, त्याला यातलं काही आठवत नाही.

रातराणी:
दादा, बाकी सगळं मान्य, पण "आठवत नाही" एवढं मागे घ्या. याच समजुतीने फार नुकसान केलंय. १९८५ साली अमेरिकेत जेफ्री लॉसन या अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं पीडीएचं ऑपरेशन झालं (हृदयाजवळची उघडी राहिलेली रक्तवाहिनी बांधतात ते). स्नायू लुळे करणारं पॅन्क्युरोनियम दिलं, भूल नाही. बाळ हलत नव्हतं, एवढंच. आईला, जिल लॉसन यांना, हे नंतर कळलं आणि त्या जाहीरपणे बोलल्या. तो काही अपवाद नव्हता, त्या काळी तान्ह्या बाळांना भूल तोकडीच मिळायची.

१९८७ मध्ये आनंद आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये दाखवलं की याच ऑपरेशनच्या वेळी फेंटॅनिल (मॉर्फिनसारखंच, पण जास्त तीव्र औषध) मिळालेल्या बाळांच्या शरीरावरचा ताण आणि नंतरची गुंतागुंत, दोन्ही कमी होती. १९९२ चा अभ्यास तर थेट या धाग्याचा आहे. हृदयाचं ऑपरेशन झालेली ४५ नवजात बाळं. ३० जणांना सुफेंटॅनिल या त्याच जातीच्या औषधाची खोल भूल आणि नंतर २४ तास सलग ड्रिप, १५ जणांना हलकी भूल आणि मधून मधून मॉर्फिन. पहिल्या गटात एकही मृत्यू नाही, दुसऱ्यात चार.

साधा_माणूस:
तेवढं मागे घेतो. आठवत नाही म्हणून दुखलं नाही, असं होत नाही, बरोबर. पण त्या अभ्यासात भूलही वेगळी होती आणि नंतरची औषधंही. फरक ड्रिपने पडला, असं त्यातून कसं काढता येईल? शिवाय बाळं ४५. त्यावरून आज सगळ्यांना सलग मॉर्फिन लावायचं म्हणाल तर नाही पटत.

पिंपळपान:
लहान मुलांच्या हृदयाच्या आयसीयूत मी पंधरा वर्षं नर्स आहे. "शांत" या शब्दाची मला भीती वाटते. बाळ गुंगीत असलं तरी शांत दिसतं, स्नायू लुळे केले असले तरी शांत, दमून गेलं असलं तरी शांतच. म्हणून स्कोअर, म्हणजे बाळाकडे बघून दुखण्याला गुण द्यायचे. फ्लॅक नावाच्या पद्धतीत चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत निघते का, या पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण. नळी असलेल्या बाळासाठी कम्फर्ट हे मोजमाप जास्त कामाचं. स्नायू लुळे असले की दोन्ही निकामी, मग नाडी, रक्तदाब, डोळ्यांतलं पाणी. त्यातही हृदयाच्या पेशंटची नाडी तापाने वाढते, रक्तस्रावानेही वाढते, नुसता आकडा फसवतो.

घड्याळ की रडणं, या वादात माझं मत असं: पॅरासिटॅमॉल घड्याळावर, मॉर्फिन स्कोअरवर. २०१३ मध्ये रॉटरडॅमचा अभ्यास आला, एक वर्षाखालची ७१ बाळं. शिरेतून पॅरासिटॅमॉल मिळालेल्यांना मॉर्फिन ६६ टक्के कमी लागलं. त्यात हृदयाची ऑपरेशनं नव्हती, हे खरं. पण पुढे हृदयाच्या मुलांवर तसाच अभ्यास झाला आणि तिथेही मॉर्फिन कमीच लागलं. आणि ड्रेन काढताना फार दुखतं. त्याआधी औषध द्यायचं आणि त्याला चढायला वेळ द्यायचा. घाईत हेच राहून जातं.

अबोली:
मॉर्फिन स्कोअरवर, हे मान्य. माझं "ठरल्या वेळेला" सगळ्या औषधांना सरसकट होतं, ते चुकलं. पण स्कोअर घेताना आईबापांना विचारा. भुकेचं रडणं आणि हे रडणं यातला फरक मला आवाज नसतानाही कळला होता.

साधा_माणूस:
आणि मला कळला नव्हता, ताई. मी विड्रॉवलला, म्हणजे औषध तुटल्याच्या त्रासाला, दुखणं समजलो. आईबापांना विचारावं, पण त्यांच्या म्हणण्यावर डोस वाढवू नये.

निशिगंध:
पुढच्या आठवड्यात आमचा नंबर आहे, बाळ पाच महिन्यांचं. घरी आणल्यावर काय सांभाळायचं?

पिंपळपान:
काखेत हात घालून उचलू नका, हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात. एक हात मान-पाठीखाली, दुसरा ढुंगणाखाली, असं ओंजळीत घेतल्यासारखं. पॅरासिटॅमॉलचे थेंब आणि सिरप यांची ताकद वेगळी असते, म्हणून किती मिली ते बाटली दाखवून लिहून घ्या. आयबुप्रोफेन मनाने देऊ नका, अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर अजिबातच नाही. दूध ओढायचं सोडलं, श्वास भराभर चालला किंवा औषध देऊनही समजूत निघेना, तर ते टाक्यांचं दुखणं म्हणून थांबू नका, लगेच फोन करा.