मदत हवी आहे: थ्रिफ्ट स्टोअरमधली पॉटरी खरी की नक्कल? आणि जुन्या बरणीत लोणचं घालावं का?

बरणीवेडी

नमस्कार मंडळी. आम्ही ओहायोत, कोलंबसला राहतो. इथून पूर्वेला तासाभरावर झेन्सव्हिल आहे. त्या भागात माती चांगली आणि भट्टीला कोळसा, नैसर्गिक वायू हाताशी, त्यामुळे एके काळी पॉटरीचे कारखाने एकाला एक लागून होते. रोझव्हिल, वेलर, मकॉय, हल, शॉनी सगळे त्याच पट्ट्यातले. आता ते सगळे बंद झालेत, पण कुणाचं घर आवरलं की त्यांची भांडी इथल्या थ्रिफ्ट स्टोअरच्या, म्हणजे जुन्या वापरलेल्या वस्तूंच्या दुकानांच्या, फळ्यांवर येतात, स्वस्तातल्या कपांच्या मागे दडलेली. ती हुडकायचा नाद लागलाय मला. नवरा गाडीत बसून क्रिकेट बघतो, मी आत.

या वेळी तीन वस्तू घरी आल्यात. दुकानवाले पावतीवर सात दिवसांत परत घेतात, म्हणून जरा घाईने विचारतेय.

पहिली, दोन कानांची निळी फुलदाणी. त्यावर मॅग्नोलियाची पांढरी फुलं उठावात. बुडाशी उठावाच्या अक्षरांत 'रोझव्हिल' आणि खाली आकडे, त्यातला शेवटचा ८. 'यू.एस.ए.' कुठेही नाही. हा नमुना १९४३ चा असं वाचलंय. किंमत १४ डॉलर, म्हणजे खरी असेल तर लॉटरी, आणि म्हणूनच शंका येतेय.

दुसरी, जाड राखाडी बरणी. बाहेरून संत्र्याच्या सालीसारखी खरबरीत, आतून गडद तपकिरी आणि चकचकीत. अंगावर निळ्या रंगात '२' काढलाय, बाकी नाव-गाव काही नाही. आईला व्हिडिओवर दाखवली तर ती म्हणाली, "लिंबाच्या लोणच्याला झकास आहे, लगेच घाल." घालू का? जुन्या झिलईत (भांड्यावरच्या काचेरी थरात) शिसं असतं म्हणतात, त्याची भीती वाटते.

तिसरी हिरवी कुंडी आहे, खाली फक्त 'यूएसए'. कुणाची असेल?

क्लीव्हलंडकर

फुलदाणीबद्दल बोलतो, बाकीच्यात मला गती नाही. रोझव्हिल कंपनी १९५४ मध्ये बंद झाली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस चीनमधून तिच्या नकला यायला लागल्या, आणि मॅग्नोलिया हा नमुना त्यांत भरपूर दिसतो. चाळीसच्या दशकातल्या अस्सल मालावर उठावात 'रोझव्हिल यू.एस.ए.' असतं. नकलांवर बहुधा नुसतं 'रोझव्हिल'.

पण एवढ्यावरून निकाल लावू नका. तिसाच्या दशकातल्या काही खऱ्या वस्तूंवर नाव आत दाबलेलं असतं, 'यू.एस.ए.' नसतं. त्याआधीच्या बऱ्याच वस्तूंवर फक्त कागदी लेबल असायचं, ते कधीच धुऊन गेलं. तुमच्या फुलदाणीत खटकतं ते हे, की नमुना १९४३ चा, अक्षरं उठावाची आणि तरी 'यू.एस.ए.' गायब.

आता पट्टी घ्या. फुलदाणीवरचा शेवटचा आकडा म्हणजे इंचांतली उंची. पाव इंच इकडेतिकडे चालतं. नक्कल करणारे खऱ्या वस्तूवरूनच साचा घेतात, आणि माती वाळताना व भाजताना आकसते, साधारण दहा टक्क्यांच्या आसपास. म्हणून नक्कल मूळ वस्तूपेक्षा बुटकी निघते, आकडा मात्र जुनाच राहतो. शिवाय मॅग्नोलियाची झिलई मंद असते, नकलेची चकाकते आणि पाकळ्यांच्या कडा बुजलेल्या दिसतात.

बरणीवेडी

@क्लीव्हलंडकर, मोजली. सव्वासात इंच. आणि चकाकते हो!

क्लीव्हलंडकर

मग परत करा. १४ डॉलरला फुलं ठेवायला वाईट नाही, पण संग्रहाची वस्तू नव्हे.

नुसता_वाचक

नक्कल चांगली दिसत असेल तर बिघडलं कुठे? मला तरी शिक्का बघून फुलं वेगळी वाटत नाहीत. (दगड मारू नका.)

आजीचं_फडताळ

बरणीवेडी ताई, तुमची बरणी मला आवडली. वर्णनावरून ती मिठाच्या झिलईची स्टोनवेअर आहे, म्हणजे जास्त आचेवर भाजलेलं जाड, घट्ट मातीचं भांडं. भट्टी पूर्ण तापली की आत मीठ टाकत. त्यातल्या सोडियमची मातीतल्या सिलिकाशी गाठ पडून भांड्यावर काचेचा थर धरतो, ती खरबरीत साल त्याचीच. ती वाफ भांड्याच्या आत नीट पोचत नसे, म्हणून आतून पातळ मातीचा लेप द्यायचे. न्यूयॉर्क राज्यात ऑल्बनीजवळ मिळणारी माती त्याला फार चाले, भाजल्यावर तिचाच असा तपकिरी काचेरी थर होतो. '२' म्हणजे दोन गॅलन, सुमारे साडेसात लिटर. एवढं लोणचं खाणारी माणसं आहेत का घरात?

शिशाची खरी धास्ती कमी आचेवर भाजलेल्या लाल मातीच्या जुन्या भांड्यांची. स्टोनवेअर बाराशे अंश सेल्सिअसच्या आसपास भाजतात, आणि मिठाच्या किंवा ऑल्बनीच्या झिलईला शिसं लागत नाही. तरी मी लोणचं घालणार नाही. आपण नुसत्या वर्णनावरून बोलतोय, आणि मधल्या शंभर वर्षांत तिच्यात काय काय भरलं होतं ते कोण सांगणार? लिंबाचा रस आणि मीठ महिनोन्‌महिने मुरत राहणार, बारीकशी चीर असली तर जुनं सगळं बाहेर काढतील. घरगुती शिसं-चाचणीच्या काड्या मिळतात, पण त्यात काही आलं नाही म्हणून निर्धास्त होता येत नाही. बरणीत लाकडी डाव-कालथे ठेवा. लोणच्याला काचेची बरणी आणा.

आणि चीर आहे का ते दुकानातच बघायचं. माठ घेताना मारतो तशी टिचकी मारा. खणखणीत वाजली तर ठीक, बद्द वाजली तर खाली ठेवा. हात कडेवरून आणि कानांच्या सांध्यांवरून फिरवा, टवके डोळ्यांआधी बोटाला लागतात. मी पर्समध्ये अतिनील प्रकाशाची छोटी विजेरीही ठेवते. कुणी डिंक-रंग लावून डागडुजी केली असेल तर ती जागा बहुतेक वेळा वेगळी चमकते. झिलईवर नुसती बारीक जाळी पडली असेल तर घाबरू नका, जुन्या मालात ते चालायचंच.

बरणीवेडी

टिचकीला खणखणीत वाजली! आईला कळवते की लोणचं रद्द, ती माझ्याशी दोन दिवस बोलणार नाही. पण माझी हिरवी कुंडी सगळे विसरलात.

क्लीव्हलंडकर

विसरलो नाही, टाळत होतो. नुसतं 'यूएसए' शॉनीच्या मालावर खूप दिसतं (झेन्सव्हिल, १९३७ ते १९६१), मकॉयच्याही, आणि इतर कैक जणांच्या. शिक्क्यावरून काही ठरणार नाही, आकार संग्राहकांच्या पुस्तकातल्या चित्रांशी ताडून बघावा लागेल. उलट मोठ्या अक्षरांत 'मकॉय' लिहिलेलं दिसलं तर मी जास्त सावध होतो. ती कंपनी १९९० मध्ये बंद पडल्यावर त्या नावाने नवा माल बाजारात आला होता, विशेषतः कुकी जार.

किंमत बघायची तर ऑनलाइन लिलावात विकल्या गेलेल्या वस्तूंची बघा. मागितलेली किंमत काय, कुणीही काहीही मागतं. कुंडीचा खालून एक फोटो टाका, झिलई नसलेली कड दिसेल असा.

बरणीवेडी

टाकते. त्यात सध्या कढीपत्ता लावलाय, आधी तो हलवावा लागेल.