जलपर्णी सरसकट काढू नका, पण वेळेत काढा

पुण्यातल्या पाषाण तलावावर जलपर्णी असली की पक्षी जास्त दिसतात, हा मुद्दा अर्धाच खरा आहे. कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी, वंचक यांना ती चालते. टिबुकली, पाणकावळा, कवड्या खंड्या यांना मात्र उघडं पाणीच लागतं. पृष्ठभाग झाकला गेला की बुडी मारायला, सूर मारायला जागाच उरत नाही. म्हणून काठालगतचं पाणकणीस (उंच, गवतासारखी पाणवनस्पती) तसंच ठेवावं आणि मधली जलपर्णी काढावी.

काढायची ती फुलं येण्याआधी, मुळांसकट. बिया तळाच्या गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतात, शिवाय तुटलेल्या धुमाऱ्यांतूनही नवी रोपं होतात. उपसलेला ढीग काठावरच सोडला तर पहिल्याच जोरदार पावसात पुन्हा पाण्यात. तो पूररेषेच्या बाहेर नेऊन वाळवायलाच हवा. तणनाशक फवारणं तर नकोच. एकदम मेलेली झाडं पाण्यात कुजतात, विरघळलेला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात.

आणि हे सगळं करूनही तलावाला मिळणाऱ्या रामनदीतून सांडपाणी येत राहिलं, तर त्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर जलपर्णी अनुकूल हवेत दोनेक आठवड्यांत दुप्पट होते. त्यामुळे उपसण्याइतकाच खर्च वरच्या अंगाला नाले अडवण्यावर व्हायला हवा.