थोरात लष्करप्रमुख असते तर बासष्ट टळलं असतं?

पंचगंगाकाठी: लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात आमच्या कोल्हापूरकडचे, वडगावचे. १९४५ साली ब्रह्मदेशात कांगॉच्या लढाईत डीएसओ हे ब्रिटिश लष्करी पदक मिळवलं, पुढे कोरियात भारतीय तुकडीचे प्रमुख, १९५७ पासून पूर्व कमांड. मार्च १९६० मध्ये लखनौला ‘लाल किल्ला’ सराव घेऊन चीन नेफात (आजच्या अरुणाचलात) कसा घुसेल ते त्यांनी मांडून दाखवलं. लष्करप्रमुख थिमय्यांनी आपल्यामागे त्यांचंच नाव सुचवलं, पण नेमले गेले थापर. दीड वर्षात, बासष्टच्या चीन युद्धात, नेफातलं बोमडिला पडलं. थोरात असते तर सीमेवरच्या नामका चू नदीवर उन्हाळी कपड्यांत जवान उभे केले नसते, असं माझं ठाम मत.

खडूस: असहमत. थापर ज्येष्ठ होते. ज्येष्ठालाच नेमलं तर अन्याय कसला? १९८३ मध्ये ज्येष्ठ असलेल्या जनरल सिन्हांना ओलांडून अरुणकुमार वैद्यांना प्रमुख केलं, तेव्हा कुणा मराठी माणसाने गळा काढल्याचं आठवत नाही.

पंचगंगाकाठी: वैद्यांकडे दोन महावीरचक्रं होती हो! आणि ज्येष्ठतेचा एवढाच पुळका होता, तर लढाईत तुकडी न चालवलेल्या जनरल कौलांना आधी सीजीएस (चीफ ऑफ जनरल स्टाफ) हे पद आणि मग नेफातली चौथी कोअर कशी मिळाली?

अनघा: तुम्ही दोघं खुर्चीतच अडकलात. थोरातांची योजना काय होती? सीमेवरच्या चौक्या फक्त इशारा देण्यापुरत्या. खरी लढाई मागे, जिथवर आपली रसद पोचते आणि चिन्यांची ताणली जाते तिथे. लष्करी हिशेब चोख. पण तवांग सोडून मागे लढू, हे त्या वातावरणात दिल्लीत कोण ऐकून घेणार होतं? थिमय्यांसारख्याला १९५९ मध्ये दिलेला राजीनामा मागे घ्यावा लागला.

खडूस: तेच तर! रस्ते नाहीत, तोफा नाहीत. वरचा माणूस बदलून डोंगरात रस्ता होत नाही. आणि थापरांना सरसकट होयबा ठरवू नका. सप्टेंबर १९६२ मध्ये चिन्यांना हुसकावण्याचा हुकूम त्यांनी लेखी मागून घेतला होता.

पंचगंगाकाठी: मागून घेतला आणि खाली पाठवला. थोरातांनी तो परत केला असता, एवढंच माझं म्हणणं.

अनघा: आणि मग दुसऱ्या दिवशी तिथे कौल बसले असते.