सासूबाई दहीभात अर्धा टाकतात, ताट बदलून बघू का?

ठाणेकर_सून: सासूबाईंना अल्झायमर आहे. पांढऱ्या मेलामाइनच्या ताटात दहीभात वाढला की अर्धा राहतो, पोळी-भाजी मात्र संपते. चमच्याने ढकलताना शितं टेबलावर पसरतात. भरवायला गेलं की हात झटकतात. गिळण्याची अडचण नाही, डॉक्टरांनी पाहिलंय.

ओटी_ताई: पांढऱ्यावर पांढरं नीट दिसत नसेल. या आजारात रंगांमधला फरक कळणं कमी होतं. बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ मध्ये हेच तपासलं होतं. गडद लाल ताटं-पेले दिल्यावर रुग्णांचं खाणं २५ टक्के आणि पिणं ८४ टक्के वाढलं. रुग्ण मोजकेच होते, तरी करून बघायला काय जातं? गडद निळंही चाललं, फिकट रंगांचा उपयोग झाला नाही. स्टील नको, चकाकतं. आणि फुलाफुलांचं तर नकोच, त्या फुलंच वेचत बसतील!

पुणेरी_काका: शा याओ या डिझायनरने अल्झायमर झालेल्या आजीचे हाल बघून ‘ईटवेल’ संच केला. वाडगा आतून निळा, तळ तिरका, म्हणजे घास आपोआप एका बाजूला जमतो. घरी उभ्या काठाचं भांडं घ्या, खाली ओला रुमाल ठेवा, सरकणार नाही.

ठाणेकर_सून: निळा प्लास्टिकचा वाडगा आणला. भात संपला, पण सासूबाई म्हणाल्या, “मोत्या कुत्र्याचं भांडं मला का गं?” आता उभ्या काठाचं, गडद निळं, पण ताटासारखं दिसणारं ताट हवंय. ठाण्यात कुठे मिळेल?